भिंतीवरचे गांधी, पिवळा पडदा आणि ४५ हजार डॉलर

हडसनकाठ

हा धागा 'चालू घडामोडी'त टाकावा की 'कलादालना'त, ते ठरेना. शेवटी इथेच टाकतोय. अ‍ॅडमिननी हलवला तरी हरकत नाही.

न्यूयॉर्कला 'द न्यू स्कूल' नावाचं विद्यापीठ आहे. आपल्याकडे ते माहीत असतं ते पार्सन्समुळे, म्हणजे ज्यांच्या घरात कुणी फॅशन डिझाइनच्या नादी लागलंय त्यांना. (पार्सन्स १९७० मध्ये यांच्यात विलीन झालं.) तिथे १९९२ पासून एक केंद्र चालतं : व्हेरा लिस्ट सेंटर फॉर आर्ट अँड पॉलिटिक्स. पदवी-बिदवी देत नाहीत. व्याख्यानं, चर्चा, प्रदर्शनं, कलाकारांना फेलोशिप, पुस्तकं आणि ठरावीक काळानं एक पारितोषिक, असा कारभार. एक विषय घेतात आणि दोन-दोन वर्षं तोच चघळतात. व्हेरा लिस्ट या बाईंनी आणि त्यांचे पती अल्बर्ट यांनी कलेसाठी सढळ हातानं पैसा दिला. एमआयटीच्या कलादालनालाही या दोघांचंच नाव आहे.

माझा संबंध इतकाच की ऑफिस जवळ आहे आणि बहुतेक कार्यक्रमांना तिकीट नसतं. पुणेकराला एवढं कारण पुरतं.

धागा काढला तो या केंद्राच्या जन्माआधीच्या एका भानगडीसाठी. १९८९ मध्ये अमेरिकेत कलेला सरकारी अनुदान देणाऱ्या संस्थेवर, नॅशनल एंडाउमेंट फॉर द आर्ट्सवर (पुढे एनईए म्हणतो), मोठा गदारोळ झाला. रॉबर्ट मेपलथॉर्पची छायाचित्रं, आंद्रेस सेरानोचं लघवीत बुडवलेल्या क्रूसाचं छायाचित्र, आणि सेनेटमध्ये जेसी हेल्म्स यांचा आरडाओरडा की करदात्याच्या पैशातून ही घाण कशाला. परिणाम असा की १९९० मध्ये अनुदान घेणाऱ्याकडून लेखी हमी मागायला सुरुवात झाली : एनईएला अश्लील वाटेल असं काहीही या पैशातून करणार नाही.

आता गंमत बघा. न्यू स्कूलला तेव्हा ४५,००० डॉलर मंजूर झाले होते, ते इमारतींच्या मधल्या अंगणाचा नवा आराखडा करण्यासाठी. झाडं, फरशी, बसायच्या जागा. शिल्पकार मार्टिन प्युरिअर आणि लँडस्केपवाले मायकेल व्हॅन व्हॉल्कनबर्ग. यात अश्लील काय करणार होते, बाकांना कपडे नाहीत म्हणून? डोळे मिटून सही ठोकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. विद्यापीठानं सही केली नाही. उलट मे १९९० मध्ये एनईएलाच कोर्टात खेचलं, फ्लॉइड एब्रम्ससारखा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा नामांकित वकील देऊन. पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि ती हमी गेली. त्याच्या पुढच्या वर्षी हे केंद्र निघालं. अंगण १९९७ मध्ये पुरं झालं, त्यालाही व्हेरा लिस्ट यांचंच नाव.

'कला आणि राजकारण' म्हटलं की आपण लगेच चित्रात झेंडा, मूठ, मोर्चा शोधायला लागतो. माझं मत असं की राजकारण अनुदानाच्या कागदावर असतं, बारीक अक्षरात. तुम्हाला काय वाटतं? देणगीदाराच्या नावाची पाटी लावून विद्यापीठात बसून असलं काम खरंच होऊ शकतं का?

खडूस

नाही. धागा बंद करा.

(हलके घ्या. सविस्तर रात्री लिहितो, सध्या लोकलमध्ये लटकलोय.)

गवतफुला

माहिती नवीन आहे, धन्यवाद. माझी भाची पार्सन्सला जायचं म्हणते आहे. या केंद्राचा तिला उपयोग होईल का? स्कॉलरशिप वगैरे?

हडसनकाठ

@गवतफुला ताई, स्कॉलरशिपचं विद्यापीठाच्या ऑफिसलाच विचारावं लागेल, केंद्राचा त्याच्याशी संबंध नाही. पण ती तिथे आलीच तर संध्याकाळचे कार्यक्रम सोडू नये म्हणावं. पाहुणे तगडे असतात आणि प्रश्नोत्तरात विद्यार्थी कुणाची भीड ठेवत नाहीत.

नेपथ्य

ही तीच न्यू स्कूल ना, जिथे जर्मन दिग्दर्शक एर्विन पिस्कॅटरनं ड्रॅमॅटिक वर्कशॉप काढलं होतं? मग 'कला आणि राजकारण' तिथे १९९२ मध्ये नाही, १९४० मध्येच आलं. रंगमंचावर फिल्म दाखवणं, आकडेवारीचे फलक टांगणं, यंत्रांनी नेपथ्य हलवणं, हे बर्लिनमध्ये पिस्कॅटरनं केलं आणि नाटककार ब्रेख्त त्याच तालमीत वाढला. विजयाबाई मेहतांनी ब्रेख्त मराठीत आणला तेव्हा आपल्याकडे त्याच्यावर भरभरून लिहिलं गेलं, पिस्कॅटर मात्र तळटीपेत राहिला. न्यूयॉर्कच्या त्याच्या वर्गात मार्लन ब्रँडो होता, आणि पुढे 'लिव्हिंग थिएटर' काढणारी ज्युडिथ मलिना होती. १९५१ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीचं बोलावणं आलं आणि गडी जर्मनीला परत गेला. हिटलरमुळे जर्मनी सुटली, सेनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी वाऱ्यानं अमेरिका सुटली. राजकीय नाटक करणाऱ्यानं बॅग कायम भरलेली ठेवावी, दुसरं काय!

हडसनकाठ

@नेपथ्य, अगदी तीच. आणि तुम्ही मॅकार्थी काढलाच आहे तर भित्तिचित्रांचं सांगून टाकतो. शीर्षकातले गांधी तेच.

बारा नंबर रस्त्यावरच्या त्यांच्या जुन्या इमारतीत सातव्या मजल्यावर एक खोली आहे. मूळ जेवणघर. १९३०-३१ मध्ये मेक्सिकोच्या होसे क्लेमेंते ओरोझ्कोनं तिच्या भिंती रंगवल्या. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर, खरं फ्रेस्को. म्हणजे जेवढा भाग त्या दिवशी रंगवायचा तेवढाच गिलावा करायचा, तो वाळायच्या आत काम उरकायचं. रंग भिंतीतच मुरतो, नंतर पुसायचं म्हटलं तरी पुसता येत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एका भिंतीवर लांबलचक टेबल, त्याभोवती वेगवेगळ्या वंशांचे लोक, आणि टेबलाच्या डोक्याला, मानाच्या जागी, एक काळा माणूस. साल १९३१, देश अमेरिका. दुसरीकडे लेनिन, स्टालिन आणि चालत निघालेले सैनिक. मेक्सिकोतल्या युकातानचा समाजवादी गव्हर्नर फेलिपे कारिय्यो पुएर्तो. आणि समोरच्या भिंतीवर साखळदंडातले गुलाम, ब्रिटिश सैनिक, आणि त्यांच्यापुढे जमिनीवर शांत बसलेले उघड्या अंगाचे गांधी. बरोबर सरोजिनी नायडू. सरोजिनीबाई १९२८-२९ मध्ये अमेरिकेच्या दौऱ्यावर होत्या, ओरोझ्कोची आणि त्यांची गाठ न्यूयॉर्कमध्येच पडली होती. सगळं मातकट, तांबूस, काळपट. देखणं म्हणावं असं नाही. गांधी तर आपल्या नोटेवरच्यासारखे हसतही नाहीत.

१९५३ मध्ये कम्युनिस्ट-शिकारीच्या दिवसांत विद्यापीठाला लेनिन-स्टालिन नडायला लागले. पुसता येईनात, मग त्या भागावर पिवळा पडदा टांगला. विद्यार्थी-शिक्षकांनी आरडाओरडा केला, काही वर्षांनी पडदा गेला. ज्या संस्थेनं १९३३ मध्ये हिटलरनं हाकललेल्या प्राध्यापकांसाठी 'युनिव्हर्सिटी इन एक्झाइल' काढली, तीच ही संस्था. म्हणून १९९० ची ती न केलेली सही मला महत्त्वाची वाटते. पडदा टांगून बघितला होता त्यांनी.

सोलापुरी_चादर

तारखा बघून अंगावर काटा आला म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचक हाय.

ती चित्रं लोकांना खुली केली १९ जानेवारी १९३१ ला, मी आत्ताच बघितलं. त्या दिवशी गांधीजी कुठं होते? आमच्या येरवड्यात. मे १९३० मध्ये धरलेलं, सुटले २६ जानेवारी १९३१ ला. म्हणजे तिकडं न्यूयॉर्कात पाहुणे भिंतीवरचे गांधी बघत होते तवा खरे गांधी पुण्यात कोठडीत. आणि त्याच येरवड्यात, बरोबर एक आठवडा आधी, १२ जानेवारीला आमच्या चौघांना फाशी दिली : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. सोलापुरात मार्शल लॉ लावला होता इंग्रजांनी, त्यातली माणसं. चार हुतात्मा चौकातनं रोज जातो, पण त्याच आठवड्यात साता समुद्रापार कुणी मेक्सिकन माणूस हाच लढा भिंतीवर चढवून बसला होता, हे आज कळलं.

हडसनकाठ

@सोलापुरी_चादर, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. क्या बात है.

नागसेनवन

जयभीम. भारताशी संबंध निघालाच आहे तर आणखी एक. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबियात होते. पुढे १९३० मध्ये त्यांनी कोलंबियाच्या माजी विद्यार्थ्यांच्या अंकात आयुष्यातले उत्तम मित्र म्हणून काही वर्गमित्र आणि चार प्राध्यापकांची नावं लिहिली : जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल, एडविन सेलिग्मन, जेम्स हार्वे रॉबिन्सन. यांतले ड्यूई आणि रॉबिन्सन हे १९१९ मध्ये न्यू स्कूल काढणाऱ्यांत होते. तिसरे चार्ल्स बिअर्ड. पहिल्या महायुद्धाला विरोध केला म्हणून कोलंबियानं दोन प्राध्यापकांना काढलं, तेव्हा बिअर्डनी १९१७ मध्ये राजीनामा तोंडावर फेकला. ते स्वतः युद्धाच्या बाजूचे होते, तरी! न्यू स्कूल त्या भांडणातून निघाली.

म्हणून 'विद्यापीठात असलं होऊ शकतं का' हा प्रश्न मला थोडा उलटा वाटतो. ही शाळाच मुळात 'आमच्या विद्यापीठात होऊ शकत नाही' म्हणणाऱ्यांनी काढली.

खडूस

घरी आलो. जेवलो. आता लिहितो.

हडसनकाठ, तुमचं लेखन नेहमीप्रमाणे छान, पण तुम्ही आरती ओवाळताय. थोडी दुसरी बाजू.

१) ओरोझ्को ज्या काळात काम करत होता त्याच काळात थॉमस हार्ट बेंटन त्याच इमारतीत 'अमेरिका टुडे' नावाची दहा फलकांची चित्रमाला रंगवत होता. दोघांनाही मानधन शून्य. बेंटन टेम्परात रंगवायचा, त्यात अंड्याचा बलक लागतो. तर विद्यापीठानं काय दिलं, अंड्यांचे पैसे! हे बेंटननं स्वतःच विनोदानं सांगून ठेवलंय. आणि १९८२ मध्ये विद्यापीठानं तीच चित्रं विकली. फुकटात करवून घेतलेली. आज ती मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहेत ती एका विमा कंपनीनं विकत घेऊन नंतर दान दिली म्हणून. कला आणि राजकारण सोडा, हा कला आणि भंगारवाल्याचा व्यवहार झाला.

२) नोव्हेंबर २०२२. न्यू स्कूलचे अर्धवेळ शिक्षक संपावर गेले. तिथे शिकवणाऱ्यांत दहातले आठ-नऊ जण अर्धवेळच आहेत. तीन आठवड्यांहून जास्त चालला संप, १० डिसेंबरला मिटला. मधे विद्यापीठानं संपकऱ्यांचा पगार आणि आरोग्यविमा थांबवायची भाषाही केली. ज्या विद्यापीठात 'कला आणि सामाजिक न्याय' यासाठी पारितोषिक देतात, तिथे कला शिकवणारा दर सेमिस्टरला नोकरीची वाट बघतो. केंद्रानं जगभरच्या अन्यायावर परिसंवाद भरवावेत, छानच आहे, पण दरवाज्यात घोषणा चालू होत्या त्या स्वतःच्याच मास्तरांच्या.

३) ती इमारत बांधणारा जोसेफ अर्बन. फ्लोरिडातल्या मार-आ-लागोच्या आतली सजावट त्याचीच. यातून काही सिद्ध होत नाही, पण इतका मस्त योगायोग न सांगता झोप लागणार नाही.

सारांश वगैरे काही नाही. भांडवल विरोध विकत घेतं आणि त्याला खोली, माइक आणि वाइन देतं. मग तो विरोध रात्री साडेआठला संपतो.

नेपथ्य

खडूसराव, तिसरा मुद्दा एक नंबर. दुसऱ्याला उत्तर नाही. पहिल्यावर मात्र थोडं अडतं : आपल्याकडे हौशी आणि प्रायोगिक नाटकवाले गेली कित्येक दशकं चहा-वड्यावर काम करतायत. ते काम राजकीय नाही असं म्हणणार का?

खडूस

म्हणणार नाही. पण वडा देणाऱ्याच्या नावानं सेंटरही काढणार नाही.

नोटरी

एनईएच्या हमीबद्दल थोडं कायद्याचं, कारण हा भाग लोकांना निकाल लागून विषय संपला असा वाटतो.

न्यू स्कूलचा खटला तडजोडीत निघाला, त्याच सुमारास जानेवारी १९९१ मध्ये बेला लेवित्स्की या नृत्यदिग्दर्शिकेच्या संस्थेनं कॅलिफोर्नियात केलेल्या दाव्यात कोर्टानं ती हमी घटनाबाह्य ठरवली. पण तोवर अमेरिकी काँग्रेसनं कायद्यात दुसरं वाक्य घातलं होतं : अनुदान देताना 'सभ्यतेचे सर्वसाधारण निकष' ध्यानात घ्यावेत. त्याविरुद्ध कॅरन फिन्ली आणि आणखी तीन कलाकार भांडले, आणि १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टात हरले. म्हणजे सही गेली, पण 'ध्यानात घ्यावेत' राहिलं. वकिलाच्या नजरेनं दुसरं जास्त घातक. सही नाकारता येते, ती तुमच्यापुढे टेबलावर असते. समितीनं बंद खोलीत काय ध्यानात घेतलं याच्यावर कोर्टात काय दाखवणार?

आपल्याकडची रीत निराळी. इथे अनुदानाच्या अटीपेक्षा पोलिस आधी येतो. १९५४ मध्ये मुंबईत जहांगीर कलादालनात अकबर पदमसींच्या 'लव्हर्स' या चित्रांवर पोलिसांनी आक्षेप घेतला, ते चित्रं काढेनात, खटला झाला, जिंकले. नाटकाचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात आजही संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते. सिनेमाला सेन्सॉर आहे हे सगळ्यांना माहीत असतं, नाटकाला आहे म्हटल्यावर बाहेरच्या राज्यातले लोक तोंडाकडे बघतात. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि जिंकले, तरी मंडळ जागच्या जागी. अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये या पूर्वपरीक्षणालाच आव्हान दिलं.

कोरी_पाटी

पालेकरांवरून आठवलं. २०१९ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ते बोलत होते. संग्रहालयाची स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती कशी मोडीत काढली, यावर बोलायला लागले तर व्यासपीठावरूनच त्यांना पुन्हा पुन्हा थांबवलं. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलाय. बरव्यांच्या चित्रात राजकारण औषधालाही सापडायचं नाही. घड्याळ, पान, रिकामी जागा. पण चित्रं कुणी निवडायची हे कोण ठरवतं, एवढंच बोलले आणि तेच नको होतं. हडसनकाठ यांच्या 'बारीक अक्षर' या मुद्द्याला माझ्याकडून +१.

आणि विद्यापीठाचं म्हणाल तर लांब कशाला जायचं? पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र. २ फेब्रुवारी २०२४. रामलीलेत काम करणाऱ्या नटांच्या पडद्यामागच्या गमतीवर विद्यार्थ्यांचं नाटक, परीक्षेचा भाग म्हणून. प्रयोग अर्ध्यावर बंद पाडला, मारहाण झाली, धार्मिक भावना दुखावल्याचा गुन्हा दाखल झाला, आणि अटक कुणाला? विभागप्रमुखांना आणि विद्यार्थ्यांना. दुसऱ्या दिवशी जामीन. आपल्याकडे 'कला आणि राजकारण' केंद्र काढायची गरजच नाही, राजकारण स्वतः चालत केंद्रात येतं.

एक_मिसळ_दोन_पाव

त्या नाटकात काय दाखवलं होतं ते पण सांगा की. सीतेच्या वेषात सिगरेट. दुसऱ्या धर्माबद्दल हेच करून दाखवा म

[प्रशासक : प्रतिसाद अर्धा ठेवला आहे, पुढचा मजकूर काढला. ललित कला केंद्राच्या प्रसंगावर वेगळा धागा होता, तो ज्या कारणानं कुलूपबंद केला ते सगळ्यांना आठवत असेल. इथे त्या विषयाला मनाई नाही, पण संस्था, अनुदान, परवानगी या अंगानं बोला. कोण कुठल्या पक्षाचं, हे नको.]

खडूस

कला आणि राजकारणाच्या धाग्यात राजकारण नको! प्रशासक, तुम्हालाच फेलोशिप द्यायला हवी.

खाजन

प्रशासकांच्या बाजूनं एक वाक्य : कुलूप घातलं तरी निदान कारण लिहितात. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनं आमच्या गोव्यातल्या साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझाला १९४५ मध्ये काढून टाकलं, चले जाव चळवळीत भाग घेतला म्हणून. दोन वर्षांत त्यानं प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. कलाशाळांनी हाकललेल्या पोरांची यादी काढली तर आधुनिक कलेचा अर्धा इतिहास तिथेच मिळेल.

पण मला त्या पारितोषिकाबद्दल लिहायचंय, कारण त्यातलं एक काम मनात घर करून राहिलंय. २०१६ चं पारितोषिक मारिया तेरेझा आल्विसना, ब्राझीलच्या. काम काय, तर जहाजांचं बॅलास्ट, म्हणजे तोल राखायचं वजन. माल नसला की जहाज डोलू नये म्हणून तळात माती, दगड, वाळू भरायचे आणि पोचल्यावर बंदरात ओतून टाकायचे. त्या मातीतून बियाही यायच्या, आणि वर्षानुवर्षं जमिनीत पडून राहून कधीतरी उगवायच्या. बाईंनी युरोपच्या बंदरांत जुनी माती उकरून त्या बिया रुजवल्या. ब्रिस्टलमध्ये नदीतल्या एका जुन्या बार्जवर बागच केली. पुढे न्यूयॉर्कसाठीही असंच काम केलं, ते २०१७ मध्ये न्यू स्कूलच्या दालनात मांडलं होतं. गुलामांचा व्यापार करणारी जहाजं कुठून कुठे गेली, ते रोपं सांगतात. त्यात एकही घोषणा नाही. आमच्याकडे मांडवीकाठी चारशे वर्षं पोर्तुगीज गलबतं लागली, कुणी तरी ती माती उकरायला हवी. काजू, मिरची, पेरू हे नुसते टोपलीतून आले असं आपण धरून चालतो.

खडूसबाब, हे काम साडेआठला संपत नाही.

खडूस

हे मान्य. बियांना वाइन लागत नाही.

साबरमतीची_सून

मी सहसा पाककृती विभागात असते, पण इथे राहवलं नाही. तुम्ही कुणी लिहिलं नाहीत की २०२०-२२ चं ते पारितोषिक आमच्या अहमदाबादला आलं होतं! अवनी सेठी यांच्या 'कॉन्फ्लिक्टोरियम'ला. मराठीत 'संघर्ष-संग्रहालय' म्हणा हवं तर. मिर्झापूर भागात एका जुन्या पारशी घरात आहे, बचुबेन नगरवाला म्हणून होत्या त्यांचं घर, शहरातल्या सुरुवातीच्या ब्युटिशियनपैकी. २०१३ मध्ये सुरू झालं.

सासूबाईंना घेऊन गेले होते. त्यांना वाटलं तलवारी-बिलवारी असतील. आत एका खोलीत राज्यघटना ठेवली आहे, लोकांनी उलगडून वाचावी म्हणून. एका ठिकाणी लोणच्याच्या बरण्या आहेत, तुम्ही तुमची आठवण चिठ्ठीवर लिहून किंवा वस्तू आणून बरणीत ठेवायची. आणि बाहेर 'माफीचं झाड' : कुणाची माफी मागायची असेल तर कागदावर लिहून फांदीला बांधायचं. २००२ पाहिलेल्या शहरात हे झाड आहे, एवढंच सांगते. सासूबाईंनी लिहिलं काहीतरी. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

न्यूयॉर्कच्या पैशानं इथलं काम विकत घेतलं असं मला तरी वाटलं नाही. उलट इथे शेजारच्या सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं, पारितोषिकाची बातमी आल्यावर आमच्या इथल्या दोन-तीन जणी पोरांना घेऊन गेल्या. आता हे चांगलं की वाईट ते तुम्ही मोठी माणसं ठरवा.

नागसेनवन

@साबरमतीची_सून ताई, या धाग्यातला सगळ्यात चांगला प्रतिसाद. पाककृती विभागाचं नुकसान होऊ दे थोडं.

गवतफुला

+१. आणि बरण्या कुठल्या, चिनी मातीच्या की काचेच्या? :)

साबरमतीची_सून

काचेच्या गं. आतलं दिसायला हवं ना.

हडसनकाठ

खडूस, तुमच्या संपाच्या मुद्द्याला मी बगल देणार नाही. त्या दिवसांत फाटकाशी उभे असलेले शिक्षक मी ऑफिसातून येता-जाता पाहिलेत. थंडीत ढोल घेऊन. त्यांच्या फलकांवरची अक्षरजुळणी आमच्या कंपनीच्या ब्रोशरपेक्षा शंभरपटीनं बरी होती, शेवटी डिझाइनचे मास्तर! पण त्यांच्याशी बोललो तेव्हा 'हे केंद्र ढोंगी आहे, बंद करा' असं कुणी म्हणालं नाही. एक बाई म्हणाल्या की मी वर्गात जे शिकवते तेच इथे करतेय, फक्त याचे मला पैसे मिळत नाहीत.

मार-आ-लागोबद्दल आभार. उद्या ऑफिसात खपवतो.

नोटरी

मला एक व्यावहारिक प्रश्न पडलाय. समजा उद्या आपल्याकडच्या एखाद्या विद्यापीठात असं केंद्र काढायचं ठरलं. पैसा कुणाचा? सरकारी घेतला तर लेखापरीक्षण, निविदा, आणि पालकमंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन. बिल्डरचा घेतला तर झोपडपट्टीवरचं प्रदर्शन विसरा. परदेशी घेतला तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, आणि त्याची नोंदणी कधी रद्द होईल याचा नेम नाही. मी मसुदा करायला बसले तर पहिलं कलम घालीन : देणगीदाराला कार्यक्रम ठरवण्यात, पाहुणे बोलावण्यात किंवा रद्द करण्यात मत नाही. दुसरं : कार्यक्रम रद्द केला तर कोणी रद्द केला आणि का, हे लेखी, तीस दिवसांत, जाहीर.

कोरी_पाटी

दुसरं कलम कुठलंही विद्यापीठ मान्य करणार नाही. आपल्याकडे कार्यक्रम 'रद्द' होतच नाही. 'तांत्रिक कारणास्तव पुढे ढकलला' होतो. नाहीतर सभागृहाची वीज जाते.

खडूस

तिसरं कलम माझं : केंद्रात काम करणाऱ्या प्रत्येकाला, झाडूवाल्यापासून वक्त्यापर्यंत, पैसे. अंडी नाही, पैसे. तासिका तत्त्वावरचा कुणी ठेवला तर त्याचा दर नोटीस बोर्डावर लावायचा. आपल्या कॉलेजांत सीएचबीवर दहा-दहा वर्षं घासलेली माणसं आहेत, त्यांना विचारा न्यू स्कूलचा संप काय होता ते. एका वाक्यात समजेल.

नेपथ्य

चौथं : नाटक करायचं तर मंडळाचा शिक्का लागणारच. मग तो शिक्का, आणि कापलेल्या वाक्यांची यादी, प्रवेशद्वाराशीच टांगायची. पिस्कॅटर असता तर पडद्यावर मोठी करून दाखवली असती.

सोलापुरी_चादर

आमच्या विद्यापीठात काढा. पैसे नाहीत, पण गिरणीची मोकळी शेड बघून देतो. भिंती लई मोठ्या हायत.

हडसनकाठ

@नोटरी, तुमची दोन आणि खाली आलेली बाकीची कलमं एकत्र करून वेगळा धागा काढाल का? इथे वाहून जातील. एफसीआरएचं जरा फोड करून लिहा, माझ्यासारख्या बाहेर राहणाऱ्यांना देणगी द्यायची तर नक्की कुठे अडतं, ते कळत नाही. भारतीय पासपोर्टवाल्यानं आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्यानं दिलेल्या पैशात फरक धरतात ना?

नोटरी

धरतात. भारतीय नागरिकानं बाहेरून, रीतसर बँकेमार्फत, स्वतःच्या बचतीतून पाठवलेला पैसा सहसा परदेशी देणगीत मोजत नाहीत. अमेरिकन पासपोर्ट घेतला की तोच माणूस, तेच खातं, पण देणगी परदेशी, मग ओसीआय (परदेशस्थ भारतीय) कार्ड असलं तरी. रविवारी सविस्तर लिहिते. खडूस, तुमचं कलम घेतेय, फक्त 'अंडी' हा शब्द मसुद्यात बसत नाही.

खडूस

'वस्तुरूपातील मोबदला ग्राह्य धरला जाणार नाही.' घ्या. फी पाठवून देतो.